गाळाच्या मागे मागे : चांगदेव ते डुमस

गुरुवार : चांगदेव, हतनूर

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताईनगरहून चांगदेवला पोहोचलो, तेव्हा संगमावरचे धुके अजून हटलेले नव्हते आणि चांगदेव महाराजांच्या जुन्या दगडी मंदिरामागे तापी कोणती आणि पूर्णा कोणती हे सांगता येत नव्हते. एरवीही ते फारसे सांगता येत नाही, कारण हतनूरच्या धरणाने अडवलेल्या पाण्याचा फुगवटा इथपर्यंत येऊन टेकतो आणि दोन वाहत्या नद्यांच्या जागी एक रुंद, संथ जलाशय दिसतो.

प्रवासाचा हेतू थोडक्यात सांगतो. समुद्रकाठच्या भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांवर भराव टाकून जमीन तयार करण्याविषयी मी काही वर्षांपासून वाचत आलो आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची चर्चा सुरू झाल्यापासून आमच्या जळगावातही त्यावर वाद झडतात आणि त्या वादात हटकून कोणीतरी म्हणते की, खान्देशाला समुद्रच नाही, तर आपल्याला त्याचे काय? पण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी साचलेल्या चिखलात आपल्या नदीने नेऊन घातलेला वाटा मोठा आहे. तो गाळ कुठून निघतो, वाटेत कुठे अडतो आणि ज्या खाडीत तो पोहोचायला हवा तिथे आता काय आहे, हे नदीकाठाने जाऊन पाहावे असे ठरले. पंचांग पाहून बेत असा आखला की, रविवारी, पौष अमावास्येला, आपण डुमसच्या किनाऱ्यावर असू; कारण अमावास्येची ओहोटी दूरवर ओसरते आणि चिखल पाहायचा तर तो मोठ्या ओहोटीलाच पाहायला हवा. सोबत रावेरकडचा माझा मावसभाऊ होता. त्याची केळीची बाग आहे आणि गाडीही त्याचीच.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्याचा जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. गुजरातच्या नकाशावर दिसणारे तिचे मुख हे अशा रीतीने बहुतांशी वऱ्हाड आणि खान्देश यांच्या मातीचे मुख आहे. पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाण्याकडची काळी माती घेऊन येते, तापी सातपुड्याच्या उतारावरची आणते, आणि पावसाळ्यात या संगमावर उभे राहिले की पाण्याचा रंगच सांगतो की शेतांतून काय निघून चालले आहे.

दुपारी हतनूरला गेलो. हे धरण १९८२ साली पूर्ण झाले आणि त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'हतनूरचे सर्व दरवाजे उघडले' ही बातमी आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. एवढे दरवाजे असूनही जलाशयात गाळ साचत गेलाच, कारण पाणी थांबले की मातीही थांबते. भुसावळ परिसराला आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणारा हा जलाशय जसजसा उथळ होत गेला तसतसे त्याच्या कडेचे चिखलपट्टे वाढले, आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागले की ते उघडे पडू लागले. या गोष्टीची हळहळ पाटबंधारे खात्याला असणे स्वाभाविक आहे. पक्ष्यांना मात्र नाही.

वरणगावचे एक पक्षिनिरीक्षक स्नेही दुर्बीण आणि तिपाईसह आमची वाट पाहत होते. पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या, तलवार बदके आणि थापट्ये होते, दूरच्या बेटावर पट्टकादंबांचा थवा चरत होता. या स्नेह्यांचे लक्ष मात्र पाण्यापेक्षा काठावर होते, जिथे ओल्या चिखलात शेकाट्ये, कंठेरी चिखल्ये, तुतवार आणि छोटे टिलवे अखंड टोचा मारीत होते. छोटा टिलवा म्हणजे तीसेक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचा पक्षी. तो रशियाच्या उत्तर टोकाकडच्या, उत्तर ध्रुववृत्तातल्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात मध्य आशिया ओलांडून हतनूरला येतो. इथे त्याला गाळातल्या अळ्या मिळतात. त्याचेच भाऊबंद याच आठवड्यात ठाण्याच्या खाडीत, कच्छच्या आखातात आणि तापीच्या मुखाशी समुद्राच्या चिखलात जगत असतात. टिलवा दोन्हीकडे पोट भरू शकतो. पण किनारी पक्ष्यांतल्या कित्येक जाती अशा आहेत की त्यांना भरती-ओहोटीचाच चिखल लागतो आणि धरणाच्या काठाने त्यांचे भागत नाही.

याचे सर्वात ठळक उदाहरण दक्षिण कोरियातले आहे, आणि चहा पिता पिता त्यावर बराच वेळ बोलणे झाले. तिथे सेमान्गुम नावाच्या ठिकाणी दोन नद्यांच्या मुखांसमोर सुमारे ३३.९ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधली गेली. काम १९९१ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २००६ मध्ये शेवटची फट बुजवली गेली. आत अडकलेले क्षेत्र चारशे चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. ऑस्ट्रेलिया आणि सैबेरिया यांच्यामध्ये प्रवास करणारे लाखो पक्षी तिथे वाटेत उतरून वजन वाढवीत असत. त्यांतला 'ग्रेट नॉट' हा पक्षी भिंत बंद झाल्यानंतरच्या दोन वर्षांत तिथून जवळजवळ ९० हजारांनी घटला. 'ते शेजारच्या खाडीत गेले असतील' असे तेव्हा म्हटले गेले. शेजारच्या खाड्यांत ते मिळाले नाहीत आणि ऑस्ट्रेलियातल्या गणनेतही तूट दिसली. आज ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. ज्या भातशेतीसाठी ही भिंत घातली तो हेतू पुढे बदलला आणि उद्योगांना प्राधान्य मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भरावावर जगभरच्या बालवीरांचा मेळावा भरला तेव्हा उकाडा आणि साचलेले पाणी यांनी मुले हैराण झाली, आणि पुढे वादळामुळे सर्वांना तिथून हलवावे लागले. समुद्राच्या तळाची जमीन सपाट असते, पण पाण्याला निघून जायला उतार नसतो, ही साधी गोष्ट नियोजनकारांच्या ध्यानात इतक्या उशिरा यावी याचे आश्चर्य वाटते.

परत येताना जलाशयाच्या कडेला गाळपेर दिसली. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळावर वर्षापुरत्या पट्ट्याने हरभरा, गहू घेतला जातो, आणि पावसाळ्यात पाणी चढले की ती जमीन पुन्हा जलाशयाची होते. मावसभावाने तिथल्या शेतकऱ्याला खत किती लागते म्हणून विचारले; त्याने हसून नदीकडे हात केला. या पद्धतीत भांडणे होतात, पट्टे कोणाला मिळतात याचे राजकारण होते, रासायनिक फवारणी पाण्यात उतरते, हे सगळे खरे. परंतु ती चिखलाचा काही महिने उपयोग करते आणि नंतर तो सोडून देते. भराव मात्र एकदा टाकला की परत काढता येत नाही, आणि म्हणून 'चिखलावर माणसाने हक्क सांगायचाच नाही का' या प्रश्नाचे माझे उत्तर गाळपेर पाहिल्यानंतर पूर्वीपेक्षा सौम्य झाले आहे.

शुक्रवार : यावल, चोपडा, मुडावद

सकाळचा प्रवास केळीच्या बागांमधून झाला आणि त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही. एकच नोंद करतो : यावलच्या पुढे शीतगृह असलेले कंटेनर रस्त्याच्या कडेला उभे होते. मावसभावाची केळीही गेल्या हंगामात अशाच कंटेनरने न्हावाशेव्याला आणि तिथून आखाती देशांत गेली होती. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, ते उरणकडच्या चिखलपट्ट्यांवर आणि मिठागरांच्या परिसरात. ही गोष्ट मी त्याला सांगितली. तो काही बोलला नाही, पण दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात ती घोळत असावी.

चोपड्याकडून शिरपूरकडे जाताना तापीचे काठ पाहण्यासारखे आहेत. नदीने स्वतःच आणून घातलेल्या गाळाच्या मैदानात तीच खोल उतरत गेली आहे आणि दोन्ही बाजूंना घळींनी फाटलेल्या उंच मातीच्या दरडी उभ्या आहेत. खान्देशची सुपीकता म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो ते हेच गाळाचे मैदान. नदीने ते हजारो वर्षे रचले आणि त्यातला काही भाग दर पुरात समुद्राकडे पाठवत राहिली.

पांझरा जिथे तापीला मिळते त्या मुडावदला कपिलेश्वराचे मंदिर आहे. घाटावर एक वयस्क आबा बसले होते. नदीत पूर्वी काय पिकत असे, एवढेच विचारले तर ते बोलू लागले. "पूर उतरना का गाळ ऱ्हाये, त्यामां आम्ही डांगर लावूत. आते वाळूबी नही नि गाळबी नही," असे ते म्हणाले आणि पात्रातल्या खड्ड्यांकडे बोट केले. वाळू कुठे गेली ते सांगण्याची गरज नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या होत्या. वाळूचा उपसा आणि धरणांतला गाळ या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या कागदावर येतात आणि त्यांचे परिणाम वेगवेगळ्या जिल्ह्यांत मोजले जातात, पण समुद्राच्या बाजूने पाहिले तर त्यांचा अर्थ एकच होतो : नदीमुखाला मिळणारी भर कमी होते.

इथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. मी धरणांच्या विरोधात नाही. पाडळशाच्या निम्न तापी प्रकल्पासाठी अमळनेरकर किती वर्षे भांडत आले आहेत हे ज्याने पाहिले आहे, त्याने नदीत पाणी अडवू नका असा उपदेश करण्यात अर्थ नाही. चिखलपट्टा हा दोन बाजूंनी टिकतो, वरून येणाऱ्या गाळाने आणि खालून येणाऱ्या भरतीने, आणि वरची बाजू आपण गरजेपोटी अशक्त केलेली असताना खालची बाजू तरी मोकळी ठेवायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. गाळ कमी झाल्यामुळे आधीच झिजणारा पट्टा 'ओसाड आणि निरुपयोगी' ठरवून त्यावर भराव टाकणे अधिक सोपे जाते.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आपल्याकडे चालू आहे आणि धरणातला गाळ शेतात नेणे हे निःसंशय चांगले काम आहे. तरी तो गाळ शेतात परततो, समुद्रापर्यंत पोहोचत नाही, हे हिशेबात धरले पाहिजे. मुक्काम शिरपूरला केला. शेवभाजी इतकी तिखट होती की गाळाचा विषय आपोआप थांबला.

शनिवार : सारंगखेडा, प्रकाशा, उधना

दत्तजयंतीला सुरू होणारी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा संपून गेलेली होती आणि मैदानात पालांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. बंधाऱ्यात पाणी भरपूर होते. तिथे न थांबता प्रकाशाला गेलो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. १९५५ च्या उत्खननात इथे ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली, म्हणजे या गाळावर माणूस किती जुन्या काळापासून वसला आहे याची कल्पना येते. केदारेश्वराच्या घाटाखाली मात्र नदी वाहत नव्हती, बंधाऱ्याने धरून ठेवलेली होती.

प्रकाशाच्या खाली फार अंतर न जाता उकाईचा फुगवटा सुरू होतो. नंदुरबार आणि तळोदा यांना जोडणाऱ्या हातोड्याच्या पुलावरून तो नीट दिसतो. पाण्याचा विस्तार इतका की पलीकडचा काठ अंधुक होतो. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई हे तापीवरचे सर्वात मोठे धरण आहे, आणि हतनूरच्या दरवाजांतून निसटलेला गाळ बहुतेक इथे येऊन बसतो. त्याच्या खाली काकरापार आहे आणि सुरतेत शिरताना सिंगणपोरचा बंधारा. भरतीचे खारे पाणी एके काळी त्याच्या वरपर्यंत चढत असे, आता ते बंधाऱ्यालाच थबकते. उन्हाळ्यात या बंधाऱ्याखाली नदीचे गोडे पाणी फारसे उरत नाही.

गाडी नंदुरबारला एका नातेवाइकाच्या वाड्यात ठेवून आम्ही दुपारची रेल्वे पकडली. खान्देशातून सुरतेला जाणारी ही वाट इतकी रुळलेली आहे की डब्यात निम्मी बोली अहिराणीच ऐकू येते. नवापूर मागे पडले, उकाई-सोनगड आले. धरण गाडीतून दिसत नाही. त्या वेळात मावसभावाने प्रश्न केला की, सगळी उदाहरणे पक्ष्यांचीच का, माणसांचे काय नुकसान होते ते सांग. त्याला जपानमधल्या इसाहायाची हकिकत सांगितली, आणि ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

जपानच्या आरिआके समुद्रात भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरांपर्यंत जातो, म्हणून तिथे मोठे चिखलपट्टे होते. त्या समुद्राचा एक कोपरा म्हणजे इसाहायाचा उपसागर. शेतजमीन आणि पूरनियंत्रण यांसाठी सरकारने तिथे सात किलोमीटरांचा बांध घातला आणि १४ एप्रिल १९९७ रोजी २९३ पोलादी पत्रे एकामागून एक पाण्यात सोडून सुमारे ३,५५० हेक्टर क्षेत्र समुद्रापासून तोडले. तो प्रसंग दूरचित्रवाणीवर देशभर दाखवला गेला. आतला चिखल वाळला आणि त्यातले शिंपले मेले, हे अपेक्षितच होते. अपेक्षेबाहेरचे नुकसान बांधाच्या बाहेर दिसले. २०००-०१ च्या हिवाळ्यात आरिआके समुद्रातले खाण्याच्या समुद्रशेवाळाचे पीक मोठ्या प्रमाणावर बसले आणि मच्छीमार होड्या घेऊन बांधावर चालून आले. प्रवाह मंदावला, आतल्या साठ्यातले खराब पाणी बाहेर येते, आणि पाणी शुद्ध करणारा चिखलच राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने तो संबंध मान्य केला नाही.

पुढची न्यायालयीन कथा विलक्षण आहे. २०१० मध्ये फुकुओकाच्या उच्च न्यायालयाने दरवाजे उघडून पाहा असा आदेश दिला, सरकारने अपील केले नाही आणि तो अंतिम झाला. २०१३ मध्ये नागासाकीच्या जिल्हा न्यायालयाने, भरावावर आता शेती करणाऱ्यांच्या बाजूने, दरवाजे उघडू नका असा आदेश दिला. म्हणजे एकच सरकार उघडले तरी दोषी आणि न उघडले तरी दोषी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दरवाजे बंदच राहणार हे निश्चित झाले. भरावाचे सर्वात मोठे नुकसान मला यातच दिसते : एकदा जमीन झाली की तिथे माणसे येतात, पिके घेतात, कर्जे काढतात, आणि मग चूक दुरुस्त करणे हाच दुसऱ्या कुणावरचा अन्याय होऊन बसतो. मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे अतिक्रमण नियमित करण्यासारखेच झाले की." मी होकार दिला.

संध्याकाळी उधन्याला भाचा घ्यायला आला होता. तो पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करतो आणि लिंबायतला राहतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशातून आलेली माणसे एवढी आहेत की दुकानांच्या पाट्याही मराठीत दिसतात. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा तारांवर अजून लोंबत होता. रात्री जेवताना २००६ चा पूर निघाला, जसा तो या शहरात कुठल्याही गप्पांत निघतो. त्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. नदीकाठचे पूरतट, पात्रात शिरलेली बांधकामे आणि खाडीच्या कडेचे भराव यांमुळे पाण्याला पसरायला जागा उरलेली नव्हती, आणि भरतीच्या वेळी समुद्रही ते पटकन आत घेत नाही. लिंबायतमधून जाणारी मिठी खाडी आजही पावसाळ्यात वस्तीत शिरते. तिथे राहणाऱ्यांत आपलीच माणसे अधिक आहेत, म्हणजे खान्देशाला समुद्राचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर भाच्याच्या घराच्या भिंतीवरच्या ओलीच्या रेषेतही होते.

रविवार : डुमस

अमावास्या आणि रविवार एकत्र आल्यामुळे डुमसच्या रस्त्यावर सकाळपासून गर्दी होती. इथली टमाट्याची भजी प्रसिद्ध आहेत. ती खाऊन झाल्यावर लोक काळ्या वाळूवर फिरतात, उंटावर बसतात आणि परततात. आम्ही गर्दी सोडून नदीमुखाच्या बाजूला चालत गेलो. ओहोटी पूर्ण होत आली होती. सुरतेजवळ मोठ्या भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरांच्या आसपास असतो आणि आखाताच्या आतल्या भागात, भावनगरकडे, तो दहा मीटरांच्याही वर जातो. त्यामुळे पाणी मागे सरते तेव्हा किनाऱ्याला जणू दुसरा किनारा फुटतो. राखाडी, चकचकीत, अंगावर बारीक वळ्या असलेला चिखल डोळ्यांत मावत नव्हता.

भाचा इथे अनेकदा आला होता, पण त्याने कधी खाली वाकून पाहिले नव्हते. वरवर निर्जीव दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर तपकिरी-सोनेरी छटा होती. ती सूक्ष्म शैवालांची असते, आणि दर ओहोटीला ऊन मिळताच ती अन्न तयार करू लागतात. त्यांच्यावर किडे, गोगलगायी आणि शिंपले जगतात, किड्यांवर खेकडे आणि पक्षी, आणि भरती आली की मासळीची पिल्ले इथेच चरायला येतात. खेकड्यांनी बाहेर टाकलेल्या गोळ्यांची नक्षी सर्वत्र होती. पायाच्या चाहुलीने निवटे, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारून बिळांत शिरत होते. इथे त्यांना लेवटा म्हणतात आणि ते चवीने खाल्ले जातात. गुडघाभर चिखलात उतरलेल्या दोन बाया हाताने ते पकडून डब्यात टाकीत होत्या. त्यांच्याशी भाच्याच्या गुजरातीतून बोललो. पलीकडच्या तीरावर पूर्वी त्या होडीने जात, आता तिकडे उतरता येत नाही, एवढे त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या, कारण पाणी परत येण्याआधीचा वेळ मोजका असतो.

पलीकडचा तीर म्हणजे हजिरा. धक्के, क्रेन, चिमण्या, टाक्या अशी सलग रांग तिथे उभी आहे. पोलाद, वायू, खत यांचे मोठे उद्योग तिथे आहेत आणि देशाला त्यांचा उपयोग आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठी मुखाजवळचा चिखल आणि तिवरांचा पट्टा टप्प्याटप्प्याने भरावाखाली गेला. हजिऱ्याच्या मच्छीमारांच्या समितीने केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या बंदरविस्ताराची पर्यावरण परवानगी रद्द ठरवली आणि पंचवीस कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. जीवसृष्टीने सक्रिय असलेला चिखलपट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वात संवेदनशील वर्गात मोडतो, पण त्याच नियमांत बंदरांसाठी वाटही ठेवलेली आहे.

चिखलपट्ट्याला सातबारा नसतो. तो गेला तर मोबदला मागायला कोणी खातेदार येत नाही, आणि डबा घेऊन उतरणाऱ्या बाईजवळ तर ती इथे रोज येते याचाही पुरावा नसतो. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्यामुळे ही जमीन फुकट मिळाल्यासारखी दिसते. भरपाई म्हणून दुसरीकडे तिवरे लावण्याची अट घातली जाते, आणि ती लावायला मोकळी जागा म्हणून पुष्कळदा निवडला जातो तो आणखी एक उघडा चिखलपट्टा. टिलव्यांना आणि निवट्यांना उघडा चिखल लागतो, दाट झाडी नव्हे, याचा विचार तिथे होत नाही. शिवाय खाडीची पसरट जागा कमी झाली की तिच्यात शिरणाऱ्या भरतीचे पाणीही कमी होते, ओहोटीचा जोर घटतो, आणि तोच जोर जो गाळ बाहेर ढकलून खाडीचे तोंड उघडे ठेवीत असे तो गाळ आता बंदराच्या वाटेत बसतो. मग वर्षानुवर्षे गाळ काढण्याचा खर्च करावा लागतो. भरावाने मिळवलेल्या पैशातला काही भाग समुद्र असा परत मागतो.

उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जगातल्या भरतीपट्ट्यांचे मोजमाप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात त्यांचे क्षेत्र किमान १ लाख २७ हजार चौरस किलोमीटर भरले, आणि ज्या किनाऱ्यांची पुरेशी जुनी छायाचित्रे उपलब्ध होती तिथे १९८४ ते २०१६ या काळात १६ टक्के घट आढळली. चीनने २०१८ मध्ये नव्या व्यापारी भरावांवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी पिवळ्या समुद्राकाठचे काही चिखलपट्टे जागतिक वारसा ठरले. २०२१ मध्ये कोरियाचेही ठरले. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दुसरीकडे, भावनगर आणि दहेज यांच्या दरम्यान सुमारे तीस किलोमीटरांचा बांध घालून आखाताचा वरचा भाग गोड्या पाण्याचा तलाव करण्याची कल्पसर योजना कागदावर जिवंतच आहे. सेमान्गुम आणि इसाहाया पाहून झाल्यावरही ती जिवंत असावी, हे मला धाडसाचे कमी आणि विस्मरणाचे अधिक वाटते.

काही वेळाने पाणी वळले. चिखलातले पक्षी थव्याथव्याने मागे सरकू लागले आणि बाया डबे घेऊन वर आल्या. वाळूवर बसून आम्ही वाढवणवर बोललो. जून २०२४ मध्ये मंजूर झालेल्या त्या बंदराचा खर्च ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला आहे आणि त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव टाकायचा आहे. तिथला भरतीपट्टा बराचसा खडकाळ आहे, तापीच्या मुखासारखा चिखलाचा नाही, पण मासळीची पिल्ले वाढवण्याचे काम तोही करतो. भरावाची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून आणायची आहे, म्हणजे एका जागेच्या भरावासाठी दुसऱ्या जागेचा तळ खरवडला जाणार.

भाचा म्हणाला, "मामा, मंग बंदर बांधानंच नही का?"

बंदर नको असे मी म्हणू शकत नाही, हे त्याला सांगितले. जी बंदरे आहेत त्यांची क्षमता आधी पूर्ण वापरावी, खांबांवर धक्के उभे करता येतील तिथे भराव टाकू नये, आणि जिथे टाकावाच लागेल तिथे मासळीचे, पुराचे आणि पुढच्या गाळउपशाचे नुकसान प्रकल्पाच्या खर्चात धरून मग तो परवडतो का ते पाहावे, असे माझे म्हणणे आहे. मावसभाऊ इतका वेळ ऐकत होता. शुक्रवारपासून त्याच्या डोक्यात घोळणारी गोष्ट आता बाहेर आली. तो म्हणाला, "दादा, तो खर्च धरला तर बंदराचे भाडे वाढणार. भाडे वाढले की कंटेनर महागणार, आणि व्यापारी तो फरक आखातातल्या गिऱ्हाइकाकडून घेणार नाही, माझ्या केळीच्या भावातूनच कापणार. निवटे पकडणाऱ्या बाईचे नुकसान मी भरायचे का?"

आज ते ती एकटीच भरते आहे, असे मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला की, हे बरोबर आहे, पण मग कापणी कोणाकडून किती करायची हेही सरकारनेच लिहून द्यावे, कारण व्यापाऱ्यावर सोडले तर दोन्ही टोकांची माणसेच कापली जातील. उधन्याहून परतीची गाडी रात्रीची होती आणि नंदुरबार येईपर्यंत आमचा हाच हिशेब चालू होता.